खेळणाऱ्या मुलींसाठी कायद्याची दारे कशी उघडली

आपल्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळातील ताईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कंधारचा नाही तर औशाचा किल्ला असावा. किल्ल्यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगले लिहितात. मी सातवी झालेली, घरसंसार सांभाळणारी बाई. पण गेले वर्षभर मी एका निराळ्याच इतिहासाच्या मागे लागले होते. मैदानावर जाणाऱ्या मुलीला तिथल्याच कोणा मोठ्या माणसाने छळले, अंगाला हात लावला, धमकावले, तर तिने जायचे कुठे? पूर्वी कुठे जाता येत होते, आणि आज कुठे जाता येते? माझी पुतणी लातूरला वकिली शिकते. तिने निकाल आणि कायदे वाचून समजावून सांगितले, मी ते वहीत उतरवून घेतले. त्या वहीतले हे लिहिणे आहे.

आमच्या पिढीत मुलगी शहाणी झाली की तिचा खेळ संपला. मग वर्षातून एकदा नागपंचमीचा झोका आणि मंगळागौरीची फुगडी, एवढेच. हल्ली पहाटे पाचला नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही मोठ्या मैदानावर जाऊन पाहा. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या, खो-खोचे खांब धरून सूर मारणाऱ्या मुलींनी मैदान भरलेले असते. आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव अपंगत्वावर मात करून बसून गोळा फेकते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला देशाचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी ती एक होती. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे हिला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हे वाचून कोणत्या आईला आपल्या मुलीला मैदानावर पाठवावेसे वाटणार नाही?

पण पाठवताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. शाळेत मुलीला सात-आठ मास्तर असतात. मैदानावर एकच ‘सर’ असतो. संघात कोण, राखीव कोण, शिबिराला कोण जाणार, हे त्याच्या बोलण्यावर ठरते. संघटनेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, तिथेही तेच प्रमाणपत्र लागते. गरिबाघरच्या मुलीच्या दृष्टीने त्या एका कागदात तिचे सारे भवितव्य असते. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला, असे ती गाव सोडून जाते, परक्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपते. अशा वेळी कोणी वाईट वागले तर ती बोलत का नाही, हे निराळे सांगायला नको.

आमच्याच गल्लीत एक मुलगी होती, नाव-गाव लिहीत नाही. खो-खोत अशी चपळ की पाहणाऱ्याने पापणी मिटू नये. एका दिवाळीनंतर तिचे मैदान बंद झाले. आई म्हणाली, गुडघा दुखतो. आम्ही सगळ्यांनी गुडघ्याला तेल सुचवले. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले, तेव्हा मांडवात ती लहान मुलांच्या मागे धावत होती आणि गुडघ्याला काहीही झालेले नव्हते. त्या आईने कोणालाही काही सांगितले नाही. सांगितले असते तरी तिला पुढे कुठे जावे हे सुचवणारी आमच्या गल्लीत एकही बाई नव्हती, मी धरून.

आता इतिहास. तो आपल्या महाराष्ट्रातच सुरू होतो, आणि खेळाच्या मैदानावर नाही, पोलीस ठाण्यात सुरू होतो. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने पोलिसांना सोडले. नागपूरच्या खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती असावी. भगिनींनो, ठाण्याच्या दाराला कडी लावून दोन पोलीस समोर उभे असताना कोणती मुलगी ओरडते? १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले आणि हाच प्रश्न विचारला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ही ती चार माणसे. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने ते धरून चालावे, असे ठरले. खटला बंद दाराआड चालावा आणि तिचे नाव छापू नये, हेही तेव्हाच ठरले. म्हणूनच ह्या लेखात मी अशा एकाही मुलीचे नाव लिहिलेले नाही, मग ते वर्तमानपत्रांत शंभरदा आलेले का असेना.

कोठडी आणि मैदान ह्यांत फरक आहे, हे मलाही कळते. पण ज्याच्या हाती आपले सगळे आहे त्याच्यापुढे गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे त्या आदिवासी मुलीमुळे ह्या देशाच्या कायद्याला पहिल्यांदा शिकावे लागले.

खेळाची म्हणून जी हकिकत सांगायची ती चंदीगडजवळच्या पंचकुल्याची. तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तीत एक शेजारीण आहे.

ऑगस्ट १९९० ची गोष्ट. चौदा वर्षांची एक मुलगी टेनिस शिकत होती. शंभू प्रताप सिंह राठोर हे हरयाणा पोलिसांत इन्स्पेक्टर जनरल होते आणि राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्षही तेच. संघटनेचे कार्यालय त्यांच्या घराच्या आवारात. मुलीला खास प्रशिक्षण देऊ, असे त्यांनी वडिलांना सांगितले होते. १२ ऑगस्टला ती मैत्रिणीबरोबर तिथे गेली असता, मैत्रिणीला काही निमित्ताने बाहेर पाठवून त्यांनी तिचा विनयभंग केला. मैत्रीण परत आली आणि तिने ते पाहिले. ती मैत्रीण तेरा-चौदा वर्षांचीच. दोघींनी काही दिवस कोणाला सांगितले नाही, मग घरी सांगितले. तक्रार वर गेली. पोलीस महासंचालकांनी चौकशी केली आणि सप्टेंबरातच अहवाल दिला की गुन्हा नोंदवावा. गुन्हा नोंदला गेला नाही. अहवाल कपाटात गेला.

पुढे जे झाले ते वाचताना माझ्या हातातले काम थांबले. त्याच सप्टेंबरात शाळेने मुलीचे नाव काढून टाकले. कारण दाखवले की फी भरली नाही. मुलीच्या भावावर मोटारी चोरल्याचे खटले एकामागून एक लागले, १९९३ साली त्याला पकडून नेले. न्यायालयाने त्याला नंतर मोकळे केले, पण नंतर. त्याच वर्षी डिसेंबरात मुलीने विष घेतले आणि ती गेली. सतरा वर्षांची होती.

एवढ्यावर सगळे संपले असते. मुलीचे घर मोडून गेले होते. पण त्या मैत्रिणीचे आई-वडील थांबले नाहीत. त्यांची स्वतःची मुलगी सुखरूप होती. ती साक्षीदार होती, एवढाच त्यांचा संबंध. त्यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १९९८ साली उच्च न्यायालयाने सी.बी.आय.ला तपास करायला सांगितले आणि गुन्हा प्रत्यक्षात नोंदला गेला तो डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी. त्या वर्षी आरोपी राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख झालेले होते. चारशेंहून जास्त तारखा झाल्या, असे वर्तमानपत्रांत आले होते. आपल्याकडे जमिनीच्या एका तारखेला जायचे तर घरचा दिवस मोडतो. ही बाई आणि तिचा नवरा दुसऱ्याच्या लेकीसाठी वर्षानुवर्षे कोर्टात जात राहिले. २१ डिसेंबर २००९ रोजी निकाल लागला: दोषी. शिक्षा सहा महिने आणि दंड १,००० रुपये. जामीन तिथेच मिळाला आणि आरोपी हसत बाहेर पडत असल्याचे छायाचित्र देशभर छापले गेले. त्या हसण्याने लोक खवळले. मे २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा अठरा महिने केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण वयाकडे पाहून भोगलेली सुमारे सहा महिन्यांची शिक्षा पुरे मानली.

न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या खटल्याने दोन छिद्रे उघडी पाडली. एक म्हणजे, विनयभंगाला तेव्हा कमाल शिक्षाच दोन वर्षे होती, आणि तक्रार करणारी चौदा वर्षांची आहे की चाळीस, ह्याने काही फरक पडत नव्हता. दुसरे म्हणजे, ठाण्यातल्या माणसाने गुन्हा नोंदवून घेतलाच नाही तर त्याला कोणी विचारणारे नव्हते. ही दोन्ही छिद्रे पुढे बुजवली गेली, ती कशी ते आता सांगते.

त्याच सुमारास राजस्थानात भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कामातली ‘साथिन’, बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली आरोपी सुटले. तेव्हा स्त्रियांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ नावाने ओळखला जाणारा निकाल आला: बाई जिथे काम करते तिथे तिला छळापासून वाचवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी. खेळाच्या संघटनांना वाटले, हे कचेऱ्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचे. २०१० साली महिला हॉकीत मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा कुठे क्रीडा मंत्रालयाने संघटनांना समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या.

मग दोन कायदे पाठोपाठ आले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठी तो आहे. तालमीत राहणाऱ्या मुलांच्या आयांनीही हे लक्षात ठेवावे. आपण फक्त मुलींची काळजी करतो. मुलाची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच ह्या कायद्यात येत नाही. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने, संस्थेच्या नोकराने किंवा चालकाने केले तर शिक्षा अधिक कडक. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. न्यायालयात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. आणि एक कलम असे आहे की ते वाचून मी पुतणीला पुन्हा वाचायला लावले: असा प्रकार ज्याला कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, न कळवणे हाच गुन्हा. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे झाकले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. ‘संस्थेची बदनामी होईल, आपसात मिटवू’ असे म्हणणारे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक ह्यांना हे कलम कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

दुसरा कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. ह्यात ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे काय ते सांगताना क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेचे मैदान, मग तिथे राहायची सोय असो वा नसो, हे सगळे नाव घेऊन लिहिले आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात आणि एक सभासद बाहेरच्या संस्थेतला हवा. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. संस्था लहान असेल, किंवा खुद्द चालकाविरुद्धच तक्रार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार लेखी हवी आणि तीन महिन्यांत करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. ही मुदत कमी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कोवळ्या वयाच्या मुलीला रडू थांबायलाच तीन महिने लागतात.

त्याच २०१३ साली, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील अत्याचारानंतर, फौजदारी कायदाही बदलला. विनयभंगाला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षे शिक्षा झाली. बायकांवरच्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी ठरली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीतही ह्या तरतुदी आहेत. आणि आता फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, घटना कोठेही घडलेली असो. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. परगावी स्पर्धेला गेलेल्या मुलीने तिथल्या अनोळखी ठाण्यातच जायला पाहिजे असे नाही. घरी येऊन आईबरोबर आपल्या ठाण्यात जाता येते.

ह्याचा उपयोग कसा होतो ते गोव्यात दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याच्या जलतरण संघटनेने नेमलेल्या प्रशिक्षकावर पंधरा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. मुलगी मूळची बंगालची. घरच्यांनी फिर्याद बंगालमध्ये दिली, ती गोव्याकडे आली, म्हापशाला गुन्हा नोंदला गेला आणि काही दिवसांतच आरोपीला दिल्लीत पकडले. संघटनेने त्याला काढले, आणि देशाच्या जलतरण महासंघाने राज्यांना त्याला काम देऊ नये असे कळवले. पंचकुल्याला नऊ वर्षे लागली, इथे काही दिवस. पण तिथे चित्रफीत होती आणि ती देशभर फिरली होती, हेही खरे. चित्रफीत नसती तर एवढी धावपळ झाली असती का, हा प्रश्न मनात राहतो. शिवाय ती चित्रफीत ज्यांनी चांगल्या हेतूने पुढे पाठवली, त्यांनी त्या मुलीला घरोघरी नेऊन दाखवले. अशा गोष्टी आपल्या मोबाइलवर आल्या तर पुढे ढकलू नका, एवढे सांगून ठेवते.

मग आले २०२३. कुस्ती म्हटले की आपल्याला खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीचे पदक आठवते, आपल्या लातूरकडच्यांना हरिश्चंद्र बिराजदार आठवतात. त्याच कुस्तीतल्या विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया ह्या नावाजलेल्या खेळाडूंनी १८ जानेवारीला दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. कुस्ती महासंघाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह ह्यांनी महिला कुस्तीगिरांचा छळ केला, असा त्यांचा आरोप. अध्यक्षांनी तो नाकारला. सरकारने मेरी कोम ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एप्रिलमध्ये खेळाडू पुन्हा बसले, कारण पोलीस फिर्याद नोंदवत नव्हते. ऑलिम्पिकचे पदक गळ्यात असलेल्या बाईलाही फिर्याद नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, मग आमच्या गल्लीतल्या पोरीचे काय? २८ एप्रिलला दोन गुन्हे नोंदले गेले. महिनाभराने त्याच खेळाडूंना रस्त्यावरून उचलून पोलिसांच्या गाडीत घातलेले आपण सगळ्यांनी पाहिले. अल्पवयीन मुलीने आपले म्हणणे बदलल्यामुळे पॉक्सोचा भाग पोलिसांनी बंद करण्याची विनंती केली, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. मोठ्या कुस्तीगिरांच्या तक्रारींवर मात्र मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. आरोप निश्चित होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

धरणे चालू असताना, १२ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकरण गोवा विद्यापीठाचे होते, खेळाचे नव्हते. पण त्यात न्यायमूर्तींनी एका वर्तमानपत्राच्या पाहणीचा उल्लेख केला: देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी १६ जणांनी तक्रार समितीच नेमलेली नव्हती. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती! समित्या आहेत की नाहीत ते तपासा, असा आदेश न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दिला. त्याच निकालात दुसरीही एक गोष्ट आहे, जी तक्रार करणाऱ्यांनी समजून घ्यावी. समितीने घाईघाईने चौकशी उरकली, समोरच्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, म्हणून त्या प्राध्यापकाची बडतर्फी रद्द होऊन चौकशी पुन्हा करावी लागली. समितीने नियम नीट पाळले नाहीत तर शेवटी तोटा तक्रार करणाऱ्यांचाच होतो.

परदेशातही सगळे छान आहे असे समजू नका. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षे उपचाराच्या नावाखाली मुलींशी वाईट वागत होता. रेचल डेनहॉलँडर ही माजी खेळाडू २०१६ साली उघडपणे बोलली. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त मुली-बायका न्यायालयात एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि न्यायाधीशबाईंनी त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. तिथे मुलींनी संस्थांवरही नुकसानभरपाईचे दावे लावले. त्याच्या विद्यापीठाने ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्याकडे संस्थेच्या खिशाला हात घालणे अजून अवघड आहे. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, अत्याचारपीडित मुली-बायकांना १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती सरकारी मदत. संस्थेचा दंड नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण, संघटनांच्या कार्यकारिणीत निदान चार स्त्रिया, तक्रार निवारणाची सोय आणि खेळातले वाद सोडवायला स्वतंत्र न्यायाधिकरण, असे त्यात आहे. कागदावर चांगले आहे. पण ते न्यायाधिकरण खेळातल्या वादांसाठी आहे. अंगाला हात लावण्याचा गुन्हा हा खेळातला वाद नव्हे, तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याची जागा पोलीस ठाणे व न्यायालय हीच.

इतक्या वर्षांच्या ह्या हकिकतींत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. प्रत्येक वेळी तक्रार अडली ती संघटनेच्या किंवा ठाण्याच्या उंबऱ्यावर, आणि सुटली ती कोणीतरी बाहेरच्याने रेटली म्हणून: कधी चार प्राध्यापकांनी, कधी स्त्रियांच्या संस्थांनी, कधी मैत्रिणीच्या आईने. म्हणून नांदेड-लातूरच्या आपल्या बायकांनी काय करायचे, ते वहीतून जसेच्या तसे देते.

मुलगी काही बोलली तर आधी ऐकून घ्या, ‘तू तिथे गेलीसच का’ हे विचारू नका. मोबाइलवरचे संदेश पुसू नका, कपडे धुऊ नका. ‘सर’ला जाब विचारायला आधी जाऊ नका, तो सावध होतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ ला फोन करा किंवा सरळ ठाण्यात जा. मोठी असेल तर १८१ किंवा ११२. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्याने नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, तरी काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको: बाई आणि मूल ह्यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. त्यासाठी दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यांचा फोन १५१००. तक्रार केली म्हणून संघातून काढले तर त्याचाही इलाज आहे. क्रिकेट मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले की सार्वजनिक काम करणाऱ्या क्रीडा संस्थेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. आपल्यासाठी ते न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. प्रशिक्षकाने मुलांना अमानुष मारणे, उपाशी ठेवणे हाही बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. ‘गुरुजींच्या छडीशिवाय विद्या नाही’ हे बोलणे आता पुरे झाले. आणि जुनी गोष्ट असेल तरी गप्प बसायला नको. पॉक्सोच्या गुन्ह्याला मुदत आड येत नाही, लहानपणी घडलेले मोठेपणीही सांगता येते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी दोन मैदानांवर गेलो होतो. तक्रार समितीच्या सभासदांची नावे आणि फोन दर्शनी भागात लावलेले असावेत, असा नियम आहे, तो फलक पाहायला. एका ठिकाणी फलक होता. त्यावरच्या बाईंना आम्ही तिथूनच फोन केला, त्या स्वतः बोलल्या आणि आमच्या मुलींशी बोलायला येते म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणच्या लिपिकाने आधी ‘कसली समिती’ विचारले, मग ‘साहेब रजेवर आहेत’ सांगितले. वर्धापनदिनाचा कार्यक्रम आटोपला की त्या साहेबांना भेटायला आम्ही लेखी अर्ज घेऊन जाणार आहोत. ज्यांच्या मुली-नाती मैदानावर जातात त्यांनी बरोबर यावे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.